राक्षसाचा जीव किती?

मोबाइलवर लढाईचा खेळ खेळणाऱ्या एखाद्या मुलाच्या खांद्यावरून डोकावून पाहा. प्रत्येक सैनिकाच्या, प्रत्येक राक्षसाच्या डोक्यावर एक छोटी रंगीत पट्टी दिसते. वार बसला की पट्टी आखूड होते. पट्टी संपली की राक्षस आडवा. मुलाला विचारा, तो म्हणेल, ‘ती त्याची लाइफ.’ ही ‘लाइफ’ आकड्यात मांडण्याची पद्धत रूढ केली ती कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांनी. त्यांच्या खेळात आजही प्रत्येक राक्षसाच्या नावापुढे एक आकडा लिहिलेला असतो. तो आकडा नेमके काय मोजतो, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

श्रोतेहो, आधी खेळ समजून घेऊ. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच मित्र एकत्र बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेका वीराची भूमिका घेतात. सूत्रधार गोष्ट सांगू लागतो: समोर गुहा आहे, आतून घोरण्याचा आवाज येतो आहे, काय कराल? खेळाडू आपापले बेत सांगतात. बेत फसणार की साधणार हे नक्की नसेल, तेव्हा फासा पडतो. सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असे नाही, आणि एकाने जिंकायचे व दुसऱ्याने हरायचे असेही नाही. सगळे मिळून एक गोष्ट रचतात. पण गोष्ट कुठे जाणार हे कोणाच्याच पूर्ण हातात नसते.

या गोष्टीत राक्षस येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे ‘हिट पॉइंट’ येतात. हिट म्हणजे वार. नावातच अर्धा खुलासा आहे; उरलेला अर्धा इतिहासात आहे.

या खेळाचे दोन जनक. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावचे गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यातले डेव्ह अर्नेसन. दोघेही मुळात युद्धखेळांचे शौकीन. छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या, हा त्यांचा छंद. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली मध्ययुगीन लढायांसाठी ‘चेनमेल’ नावाची नियमपुस्तिका काढली. तिच्यात साध्या शिपायाचा हिशेब सोपा होता. वार बसला तर शिपाई मेला, नाही बसला तर जिवंत. शंभर शिपायांच्या फौजेला हे ठीक. पण अर्नेसन यांच्या घरी जमणारे मित्र आता फौज नव्हे, एकेक वीर खेळवू लागले होते. राक्षस एका फटक्यात मेला तर कोणाची तक्रार नसे. आपला वीर एका फटक्यात गेला की मात्र चेहरे पडत. मग आपण आधी तयार केलेल्या एका आरमारी खेळाचे नियम इथे आणले, असे अर्नेसन यांनी पुढे सांगितले. तो खेळ अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातल्या पोलादी जहाजांचा होता. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. किती गोळे झेलले याचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणजे आज मोबाइलवरच्या राक्षसाच्या डोक्यावर जी पट्टी दिसते, तिच्या घराण्यात एक लढाऊ जहाज आहे.

१९७४ च्या मूळ पुस्तिकांत हे गणित अगदी सरळ होते. राक्षस जितका दांडगा, तितके त्याला सहा बाजूंचे फासे. ते फासे टाकून जी बेरीज येईल ते त्याचे हिट पॉइंट. आणि शस्त्राचा वार बसला की नुकसानही साधारणपणे सहा बाजूंच्या एकाच फाशाचे. म्हणजे एक फासा राक्षसाला जीव देतो आणि तसाच एक फासा तो काढून घेतो. चार फाशांचा राक्षस सरासरी चार वार टिकणार. आकडा मोजत होता तो रक्त नव्हे, हाडे-मांस नव्हे. तो मोजत होता टिकाव: हा प्राणी किती वार समोर उभा राहील?

हा अर्थ मनात ठेवला, की आजच्या पुस्तकातली ओळ वाचता येते. २०१४ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधली उदाहरणे घेऊ. पुढे आवृत्त्या बदलल्या, काही आकडेही बदलले, पण वाचण्याची रीत तीच राहिली. गॉब्लिन हा खुजा, उपद्रवी प्राणी. त्याच्यापुढे लिहिलेले असते: ७ (२डी६). ‘डी’ म्हणजे डाइस, फासा. सहा बाजूंचे दोन फासे टाका. बेरीज दोन ते बारा यांच्या मधे कुठेही येईल, सरासरी सात. फासे टाकायचा कंटाळा असेल तर सरळ सात धरा.

ओगर हा धिप्पाड आणि मठ्ठ नरभक्षक. त्याची ओळ: ५९ (७डी१० + २१). दहा बाजूंचे सात फासे. एका फाशाची सरासरी साडेपाच, सातांची साडेअडतीस. वरचे एकवीस आले त्याच्या काटकपणातून: दर फाशामागे तीन. बेरीज साडेएकोणसाठ, अपूर्णांक सोडला की एकोणसाठ. फाशाला बाजू किती, हे राक्षसाच्या आकारावर ठरते. लहानाला सहा, माणसाएवढ्याला आठ, थोराडाला दहा, प्रचंडाला बारा. म्हणून तांबड्या रंगाच्या पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनपुढे २५६ (१९डी१२ + १३३) दिसते.

आता तुम्ही म्हणाल, एवढे कळले म्हणजे झाले. सात म्हणजे किरकोळ, एकोणसाठ म्हणजे जबर. इथेच नवा सूत्रधार फसतो, कारण हा आकडा बऱ्याच गोष्टी सांगत नाही.

पहिली गोष्ट, जखमेने येणारा दुबळेपणा. ओगरचे एकोणसाठ गुण शाबूत असताना त्याचा सोटा जेवढ्या जोराने पडतो, तेवढ्याच जोराने एक गुण उरला असतानाही पडतो. त्याचा हात लुळा पडत नाही, तो लंगडत नाही. खऱ्या जखमेशी याचा मेळ बसत नाही, आणि हे गायगॅक्स यांनाही ठाऊक होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या पुस्तकांत त्यांनी स्पष्ट केले, की अनुभवी वीराचे हिट पॉइंट वाढतात ते त्याचे अंग घोड्यापेक्षा दणकट झाले म्हणून नव्हे. त्यांत वार चुकवण्याचे कसब आहे, नशीब आहे, दैवी कृपाही आहे. बहुतेक वार म्हणजे खरचटणे, दमणे, थोडक्यात वाचणे. खरा घाव शेवटचा.

दुसरी गोष्ट, वार लागतो किती वेळा. त्यासाठी शेजारी वेगळा अंक असतो, आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा अंक. ओगरचा बचाव ११, आणि ट्रोल नावाच्या राक्षसाचा १५. (इंटरनेटवर त्रास देणाऱ्यांशी याचा संबंध नाही, हा उत्तर युरोपातल्या लोककथांमधला.) वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपले पाच मिळवणारा तलवारबहाद्दर ओगरला शंभरात पंचाहत्तर वेळा टिपतो, ट्रोलला पंचावन्न वेळाच. त्याच्या एका वाराने सरासरी साडेसात गुण जातात असे धरू. असे चार वीर ओगरला तीन फेऱ्यांत लोळवतील. ट्रोलचे गुण ८४; त्याला पाचाहून थोड्या जास्त फेऱ्या लागाव्यात.

पण तेवढ्यांत भागत नाही, कारण ट्रोलच्या जखमा भरून येतात. दर फेरीला दहा गुण परत. चार वीर मिळून फेरीला साडेसोळा गुण कमावणार आणि त्यांतले दहा हातचे जाणार. पाच फेऱ्यांची लढाई बाराच्या घरात जाते, आणि तोवर ट्रोल दर फेरीला तीन-तीन वार करत असतो. एवढे करून तो शून्यावर आला, तरी पुन्हा उठतो. उपाय एकच, आग किंवा आम्ल. त्यांचा एक चटका बसला की पुढच्या वेळी जखम भरत नाही. आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा प्राण सातासमुद्रापलीकडच्या पोपटात असतो. ट्रोलचा प्राणही ८४ या आकड्यात नाही, त्या गुपितात आहे. ज्याच्या हाती पेटता पलिता आहे, त्याच्यापुढे ८४ म्हणजे ८४. ज्याच्या हाती नाही, त्याला ८४ ला अंत नाही.

तिसरी गोष्ट, संख्या. एका ओगरचे गुण ५९. आठ गॉब्लिनांचे मिळून ५६. कागदावर जवळजवळ बरोबरी. पण ओगर एका फेरीत एकदा मारतो, सरासरी तेरा गुणांचा फटका. आठ गॉब्लिन आठदा मारतात, प्रत्येकी पाचाचा. सगळे लागले तर चाळीस. उलट बाजूही पाहा. एक गॉब्लिन पडला की एक तलवार कमी होते. ओगरचे मात्र अठ्ठावन्न गुण गेले तरी त्याचा सोटा कमी होत नाही. आणि संघातल्या जादूगाराला ‘फायरबॉल’ म्हणजे आगीचा लोळ फेकता येत असेल, तर सगळेच पालटते. त्या लोळाचे सरासरी नुकसान अठ्ठावीस, आणि ते आवाक्यातल्या प्रत्येकाला लागते. दाटीने उभे असलेले आठही गॉब्लिन बहुधा एका दमात संपतील. ओगर अर्धाअधिक उभा राहील. नियमकर्त्यांनाही हे माहीत आहे. २०१४ च्या नियमांत लढाई किती अवघड हे मोजताना आठ शत्रूंच्या गुणांकनाला अडीचने गुणायला सांगितले आहे. त्या हिशेबाने ओगरची लढाई ४५० ची, आठ गॉब्लिनांची १००० ची.

म्हणजे हिट पॉइंट हा राक्षसाच्या अंगातला जीव नव्हे. तो त्या संध्याकाळचा वेळ आहे. राक्षस टेबलावर किती फेऱ्या राहील आणि त्या फेऱ्यांत खेळाडूंना किती निर्णय घ्यावे लागतील, याचा तो अंदाज आहे. २००८ च्या आवृत्तीने हे उघडच मान्य केले. त्या आवृत्तीत टोळीतल्या किरकोळ गुंडांना सरळ एकच हिट पॉइंट दिला. ते अशक्त होते म्हणून नव्हे. गोष्टीत त्यांना तेवढाच वेळ द्यायचा होता म्हणून.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. हा आकडा खेळाडूंना सांगितला जात नाही. तो सूत्रधाराच्या पडद्याआड असतो. समजा, रंगात आलेल्या लढाईत ड्रॅगन दुसऱ्याच फेरीत पडायला आला. सूत्रधाराच्या मनात येते, २५६ चे ३०० करू. कोणाला कळणार आहे? किंवा उलट, वीर हरायला आले, ड्रॅगनचे शंभर गुण शिल्लक आहेत. पुढच्या वाराला पडला म्हणून जाहीर करू. हेतू चांगलाच असतो, गोष्ट रंगावी हा. यावर खेळणाऱ्यांत जुना वाद आहे, आणि दोन्ही बाजूंना सुजाण माणसे आहेत.

माझे मत सांगतो. लढाई सुरू होण्यापूर्वी आकडा निवडण्याची मोकळीक कंसातल्या फाशांनीच दिलेली आहे. ओगर २८ पासून ९१ पर्यंत कुठलाही असू शकतो. कुठला हवा तो सूत्रधाराने घ्यावा. पण पहिला वार पडल्यावर तो आकडा एकट्या सूत्रधाराचा राहत नाही. जादूगाराने आपला शेवटचा लोळ आता फेकायचा की राखायचा, याचा विचार करून फेकला. कोणी मित्राला वाचवायला पुढे सरसावला. हे निर्णय त्यांनी एका भरवशावर घेतले: पडद्याआड खरोखरच काही आकडा आहे आणि आपल्या वाराने तो खरोखरच कमी होतो. आकडा गुपचूप हलला, की ते निर्णय पोकळ होतात. लोळ फेकला काय आणि न फेकला काय, ड्रॅगन सूत्रधाराला वाटेल तेव्हाच पडणार. आणि हे कधी तरी कळतेच. एकदा कळले, की पुढच्या शंभर लढायांतला थरार गेला.

यावर प्रामाणिक वाट आहे. आकडा लपवा, पण परिस्थिती लपवू नका. अर्धे गुण गेले की राक्षस रक्तबंबाळ दिसतो, असे सांगण्याची पद्धत २००८ च्या नियमांत होती, आणि २०२४ च्या नियमांत ती पुन्हा आली. ट्रोलच्या जखमा डोळ्यांदेखत मिटताहेत, पण पलित्याकडे पाहून तो मागे सरकतो आहे, एवढे सूत्रधाराने बोलावे. खेळाडूंना आकडा नको असतो, खूण हवी असते. आणि लढाई कंटाळवाणी होऊ लागली, तर राक्षसाला पळू द्यावे, शरण येऊ द्यावे. शेवटचा गुण संपेपर्यंत लढलेच पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

टेबलाभोवतीची मंडळी राक्षसाला खरा मानत नाहीत. खरा असतो तो फासा, आणि त्याला दिलेला शब्द. तो पाळला गेला, तर सात गुणांचा गॉब्लिनही संध्याकाळभर घाम फोडतो.