रक्तातला जंतुसंसर्ग: यंत्र वेगवान झालं, पण रक्त कधी घेतलं?

"रक्तात इन्फेक्शन झालंय, कल्चरला पाठवलंय." सातारा असो की सांगली, आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे वाक्य ऐकवलं जातं आणि मग रिपोर्टची वाट पाहणं सुरू होतं. मिरजेत १८९४ साली वानलेस हॉस्पिटल सुरू झालं, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखणं, या भागाला नवं नाही. तरीही त्याबद्दलचे काही समज रुग्णाच्या जिवावर बेततात.

गैरसमज: सकाळी रक्त घेतलं, तर संध्याकाळी रिपोर्ट हवा.

असा संसर्ग झालेल्या प्रौढ माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा जेमतेम एक ते दहा जिवंत जंतू असतात, कधी तेवढेही नसतात. म्हणून आधी ते वाढवावे लागतात. बॅक्टेक किंवा बॅक्ट-अलर्टसारख्या यंत्रात बाटली उबेला ठेवतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बाटलीच्या तळाचा सेन्सर तो टिपतो आणि यंत्र इशारा देतं. बहुतेक जंतू एक-दोन दिवसांत सापडतात. 'निगेटिव्ह' म्हणायला मात्र सहसा पाच दिवस थांबतात.

"एवढं रक्त कशाला काढता?" याचंही उत्तर यातच आहे. एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, दोन वेगळ्या जागांवरून दोन-दोन बाटल्या, म्हणजे फार तर ४० मिलिलिटर. रक्तदानात ३५० जातं. दोन जागा यासाठी, की कातडीवरचा निरुपद्रवी जंतू एकाच जागेच्या रक्तात सापडला, तर तो सुईबरोबर आत आला असावा हे ओळखता येतं. नाहीतर नसलेल्या आजारावर महागडी इंजेक्शनं चालू राहतात.

गैरसमज: आधी अँटिबायोटिक देऊन बघू, उतार पडला नाही तर कल्चर करू.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा समज हाच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या रुग्णांचं रक्त अँटिबायोटिकच्या आधी आणि नंतर, असं दोन्ही वेळा तपासलं. आधीच्या रक्तात ३१.४ टक्के रुग्णांमध्ये जंतू सापडला, नंतरच्या रक्तात फक्त १९.४ टक्क्यांमध्ये. मधे फारसा वेळही गेला नव्हता. गावात दोन दिवस इंजेक्शनं घेऊन रुग्ण मिरज-कराडला पोचतो, तेव्हा कितीही भारी प्रयोगशाळा असली तरी तिच्या हाती फारसं काही लागत नाही. बाटली लांबून पाठवायची असेल तर ती फ्रीजमध्ये ठेवू नये. नेहमीच्या तापमानाला ठेवून शक्य तितक्या लवकर यंत्रात लावायला हवी.

गैरसमज: नवं यंत्र आलं की रुग्ण वाचतो.

बाटली पॉझिटिव्ह आली की तंत्रज्ञ त्यातला थेंब काचपट्टीवर घेतो, जांभळा रंग, आयोडीन, धुणं, लाल रंग, आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाते. तासगावच्या द्राक्षांच्या घडासारखे जांभळे गोल दिसले तर स्टॅफिलोकोकस असावा. लाल काड्या दिसल्या तर औषधाची दिशाच बदलते. ही ग्रॅम तपासणी काही मिनिटांची आणि स्वस्त आहे. त्यापुढे माल्डी-टॉफ यंत्र लेझर मारून जंतूच्या प्रथिनांच्या वजनावरून त्याचं नाव मिनिटांत सांगतं. जंतूंची जनुकं शोधणारं पीसीआर पॅनेल साधारण तासाभरात जंतूबरोबर औषधाला दाद न देण्यामागची काही जनुकंही दाखवतं.

मग जीव वाचतात का? अमेरिकेत ६१७ रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीसीआरमुळे औषधं लवकर बदलली गेली, अनावश्यक अँटिबायोटिक कमी झाली. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. २०१७ साली ३१ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसले, पण ठाम फायदा तिथेच होता जिथे रिपोर्ट येताच औषध ठरवणारी माणसं पाठपुरावा करत होती. रात्री अकराला आलेला निकाल सकाळच्या राउंडपर्यंत फाइलमध्ये पडून राहिला, तर यंत्राने वाचवलेले तास वाया गेले.

युरोपातल्या युकास्ट संस्थेने तर पॉझिटिव्ह बाटलीतला द्रव थेट प्लेटवर पसरून, औषधाच्या चकत्या ठेवून ४, ६ आणि ८ तासांनी निकाल वाचायची रीत घालून दिली आहे. हा निकाल वाचायला महागडं यंत्र लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे: जिल्ह्याच्या रुग्णालयाने मोठी खरेदी करण्याआधी रात्रपाळीला ग्रॅम तपासणी करणारा आणि लगेच वॉर्डात फोन करणारा माणूस नेमावा.

गैरसमज: कल्चर निगेटिव्ह, म्हणजे संसर्ग नाही.

लेप्टो आणि स्क्रब टायफसचे जंतू या नेहमीच्या बाटलीत वाढत नाहीत. सांगलीत २०१९ सारखा पूर येऊन गेल्यावर ताप आला, तर हे ध्यानात ठेवावं लागतं. डेंग्यू, मलेरियाच्या तपासण्याही वेगळ्या. आणि नुसती विडाल ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइड झालाच असं नाही. जंतू प्रत्यक्ष रक्तात सापडणं हा त्याहून भक्कम पुरावा.

आपल्या माणसाला थंडी वाजून जोराचा ताप असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, लघवी कमी झाली असेल, तर घरी थांबू नका. दवाखान्यात पहिल्या इंजेक्शनआधी विचारा, "कल्चरला रक्त घेतलं का?" रक्तदाब फार उतरला असेल तर रक्त मिळेपर्यंत औषध मात्र अडवून धरू नये. दुसऱ्या रुग्णालयात हलवताना आधी कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, ती चिठ्ठी सोबत घ्या.