तडा पाडायचा, पण वेळेवर

रंगाला तडा गेलेला पत्रा सातपूर एमआयडीसीतल्या पेंट शॉपमध्ये कुणालाच नको असतो. इलेक्ट्रिकल पॅनेल, गाड्यांचे सुटे भाग, यंत्रांची कव्हरं असं बरंच काही या वसाहतीत रंगवलं जातं. पावडर कोटिंगची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. बहुतेक कामांना ६० ते ८० मायक्रॉनचा थर मागतात. रंग पत्र्याला घट्ट धरलाय का हे तपासायला ब्लेडने त्यावर बारीक चौकटी पाडायच्या, वर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. चौकटीतला रंग पट्टीबरोबर निघून आला की माल परत. एवढ्या काटेकोर मुलखात बसून हाताने घडवलेल्या लुअरवर, म्हणजे मासे पकडायच्या लाकडी आमिषावर, मुद्दाम भेगा पाडायच्या हे विचित्र वाटेल. मला मात्र हे काम इथल्याच माणसांचं वाटतं. पेंट शॉपमध्ये ज्याने वर्षानुवर्षं तडे जाऊ दिले नाहीत, त्याला ते का जातात हे पक्कं ठाऊक असतं.

सातपूरहून गंगापूर धरण जवळ आहे आणि गळ टाकणाऱ्यांना मरळ चांगली ओळखीची. मरळ हवेतून श्वास घ्यायला वर येते, उथळ पाण्यात, गवताच्या कडेला दबा धरते आणि वरून चाललेल्या बेडकावर किंवा माशावर झडप घालते. त्या बेडकाचं, त्या माशाचं सोंग लुअरने घ्यायचं. अमेरिकेत मिशिगनमधल्या डोवाजॅक गावी जेम्स हेडन यांच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडी लुअर बाजारात आणले. पाठीवर भेगांची जाळी असलेले त्यांचे जुने नग संग्राहक आज ‘क्रॅकलबॅक’ म्हणून शोधत फिरतात. ती जाळी घरच्या टेबलावर उमटवता येते. सामान हार्डवेअरच्या दुकानातलंच लागतं.

आधी लाकूड. बाल्सा हलका, पण मरळीच्या दातांपुढे त्याचा निभाव लागत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरतात तो पांगारा बरा. हलका आहे आणि चाकूखाली सरळ येतो. आकार झाला की पोटात शिशाचं वजन बसवायचं, गळ अडकवायच्या कड्यांसाठी भोकं पाडायची आणि मगच लाकूड इपॉक्सीने सील करायचं. हा क्रम उलटा केला तर भोकाच्या आतलं कोरं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि वरची सगळी मेहनत सोलून टाकतं.

मग खालचा रंग. भेगांतून पुढे हाच डोकावणार आहे, म्हणून तो विचार करून निवडावा: खाली रुपेरी, वर गडद हिरवा. हा थर पुरता वाळू द्यायचा. त्यावर सुतारकामाचा पांढरा फेविकॉल, किंचित पाणी घालून, ब्रशने एकसारखा. यानंतर थांबायचं असतं आणि सगळं कसब या थांबण्यात आहे. बोटाचं टोक हलकेच टेकवून पाहावं. बोट चिकटतं पण गोंद बोटाला लागून येत नाही, तेव्हा वरचा रंग द्यायचा. घाई केली तर रंग आणि गोंद एकमेकांत कालवले जातात. उशीर झाला तर गोंद घट्ट बसतो आणि रंग अखंड, गुळगुळीत वाळतो. भेग म्हणून एक येत नाही.

वरचा रंग पाण्यातला ॲक्रिलिक हवा. एकाच दमात सरळ ओढायचा. त्याच जागी पुन्हा ब्रश फिरवला की थर उखडतो. मग हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी. वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आकसतो. खालचा गोंद अजून मऊ असतो, तो पापुद्र्याला धरून ठेवू शकत नाही. ताण कुठेतरी मोकळा व्हायलाच हवा, म्हणून रंग फाटतो आणि फाटलेले काठ गोंदावरून मागे सरकतात. डोळ्यांदेखत हिरव्यातून रुपेरी रेघ उघडते, मग तिच्या बाजूने दुसरी. ती पहिलीला भिडताना बहुधा काटकोनात भिडते, कारण पहिल्या भेगेने तिच्या आडवा ताण आधीच सोडवलेला असतो. मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरल्यावर काठचा गाळ असाच भेगाळतो. जाड गाळाच्या मोठ्या खपल्या, पातळ गाळाच्या छोट्या. लुअरवरही वरचा थर जाड दिला तर भेगा मोठ्या आणि विरळ, पातळ दिला तर बारीक आणि दाट. ब्रशने दिला तर त्या ब्रशच्या दिशेने धावतात, स्पंजने टिपला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरतात. लुअर छोटा असेल तर बारीक जाळीच शोभते. बोटभर लुअरवर रुंद भेगा म्हणजे नुसता पोपडे आलेला रंग दिसतो.

पॅनेलवर दिसणारं रिंकल फिनिश याचं भावंड समजलं जातं, पण त्याचं गणित वेगळं. त्यातही कातडी आधी धरते, मात्र ती आकसायच्या ऐवजी फुगते. पसरायला जागा नसते, म्हणून सुरकुतते. सुरकुती अखंड राहते, पत्रा उघडा पडत नाही. क्रॅकलमध्ये रंग खरोखर फाटलेला असतो, आणि खाली पाण्यात विरघळायला तयार असा गोंद असतो.

म्हणून शेवटचं कवच सगळ्यांत महत्त्वाचं. भेगाळलेला लुअर पूर्ण वाळल्यावर दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी द्यायचं आणि ते धरेपर्यंत लुअर सावकाश फिरता ठेवायचा. नाहीतर द्रव पोटाकडे ओघळून थेंब जमतो. मिनिटाला पाच-सहा फेरे देणारी गिअरची छोटी मोटर यासाठी पुरते. इपॉक्सी भेगांत उतरतं, खालची रुपेरी चकाकते आणि पाठीला खोली येते.

मरळ हल्ला करते तो हालचालीवर, असं माझं मत आहे. भेगांची नक्षी बरीचशी आपल्याच डोळ्यांसाठी असते. तरी ती नीट व्हावी, कारण वाईट सील केलेली नक्षी पाण्यात टिकत नाही. कडी बसवण्यापूर्वी भोकाच्या तोंडाशी इपॉक्सीचा थेंब सोडावा, कडी फिरवून आत घ्यावी आणि सगळं कडक झाल्यावर लुअर रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा. सकाळी कडीभोवती दुधाळ पांढरं वर्तुळ दिसलं, तर गोंदापर्यंत पाणी पोहोचलंय. तो लुअर पाण्यावर न्यायचा नाही. पॉलिश पेपर घेऊन लाकडापर्यंत घासायचा आणि सीलपासून पुन्हा सुरू करायचं.