लाल तुऱ्यांची कोरफड

कोरफड तुम्ही पाहिलीच असेल. उर्दूत तिला घीकुवार म्हणतात. आपल्याकडे ती कुंडीत लावतात. तिची एक बहीण दक्षिण आफ्रिकेत आहे. ती दोन-तीन मीटर उंच होते! तिचे नाव अ‍ॅलो फेरॉक्स. लॅटिन भाषेत 'फेरॉक्स' म्हणजे उग्र. तिच्या पानांच्या कडांना तांबूस काटे असतात, म्हणून हे नाव पडले.

दक्षिण आफ्रिकेत मे ते ऑगस्ट हा थंडीचा काळ असतो. त्या दिवसांत तिच्या शेंड्यावर शेंदरी-लाल फुलांचे उंच तुरे येतात. मध पिण्यासाठी शिंजीर पक्षी आणि मधमाश्या तेथे गर्दी करतात. तिच्या पानांतील कडू रस आटवून काळा बोळ तयार करतात. उर्दूत त्याला एलवा म्हणतात.

कोरड्या बागेत ही कोरफड कशी वाढवतात? तिला बहुधा बाजूला फुटवे येत नाहीत, म्हणून बी पेरून रोप तयार करतात. भरपूर ऊन येईल अशी जागा निवडतात. मातीत वाळू आणि खडी मिसळतात. वाफा थोडा उंच करतात, म्हणजे पाणी साचत नाही. फुले यायला काही वर्षे लागतात. तोपर्यंत धीर धरावा लागतो.

पाणी मात्र जपून द्यावे. तिची जाड पाने म्हणजे पाण्याची कोठारेच! मुळांना हवाही लागते. चिखलात ती कुजतात. मग पाने पिवळी आणि मऊ पडतात. माळ्याला वाटते, झाड तहानलेले आहे. तो आणखी पाणी घालतो आणि झाड मरते. खरोखर तहान लागली, तर पाने पातळ होऊन आत वळतात. म्हणून आधी मातीला हात लावून पाहा. ती पूर्ण कोरडी असेल, तरच पाणी घाला.

खोडाभोवती वाळलेली पाने लोंबत असतात. ती वाईट दिसतात, म्हणून काढावीशी वाटतात. पण माळरानात वणवा पेटला, की हीच पाने खोडाला आगीपासून वाचवतात.

मुलांनो, झाडावर नुसती माया करून भागत नाही. त्याची गरजही ओळखावी लागते.

स्वाध्याय
1. 'फेरॉक्स' हे नाव का पडले?
2. जास्त पाण्याने कोरफड का मरते?
3. वाळलेल्या पानांचा उपयोग सांगा.