नव्या रंगाखालचा वन आरके
गिरगाव-दादरकडे नूतनीकरण केलेला वन आरके विकायला निघाला की फोटो पाहूनच जीव भुलतो: चकचकीत टाईल्स, भिंतीत दुमडणारा पलंग, ओट्याखाली वॉशिंग मशीन. पण आधी विचारा, ओनरशिप की पागडी? पागडीत तुम्ही मालक नाही, भाडेकरूच. भाड्याची पावती नावावर करायला घरमालकाची संमती लागते.

भाव कार्पेट एरियावर ठरवा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी नाही. मुद्रांक शुल्क ६ टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर ५.

बाथरूममागच्या भिंतीला तळहात लावा. ओलीचा डाग रंगाने झाकला जातो, गारवा नाही. आणि एकदा रात्री दहाला खिडकीत उभे राहा. गल्ली झोपते का, ते कळेल!