आधी थांबा, मग वाढवा: चेक-रेजचा हिशेब

पोकरमधल्या चेक-रेजला पहिल्यापासून लबाडीचा वास चिकटलेला आहे. हातात जोरदार पाने असताना ‘चेक’ म्हणायचे, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे द्यायची. मागच्या भिडूला रान मोकळे वाटते, तो बेट लावतो, आणि पाळी फिरून आली की आपण ती बेट दुप्पट करतो. कित्येक घरगुती बैठकांत या चालीला नियमानेच बंदी असते. तीन पत्ती खेळणाऱ्यांना तर ती नवीच वाटेल, कारण तिथे चाल द्या नाहीतर पॅक व्हा. पैसे न टाकता डावात टिकून राहण्याची सोयच नाही. पण लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात चेक-रेजकडे निव्वळ फसवणूक म्हणून पाहिले तर तिचा निम्मा अर्थ हातातून निसटतो. इथे ती मुख्यतः किंमत ठरवण्याचे साधन आहे. ते कधी वापरायचे हे दोन संख्यांवर ठरते: मागून कोणी बेट लावण्याची शक्यता किती, आणि कोणीच लावली नाही तर आपले किती जाते.

किंमत म्हणण्याचे कारण या खेळाच्या रचनेत आहे. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडतात: आधी तीन, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, शेवटचे एक, तो रिव्हर. ‘नो-लिमिट’ प्रकारात कितीही पैसे लावता येतात, त्यामुळे समोरच्याला पुढचे पान महाग करायचे तर मोठी बेट लावली की झाले. लिमिटमध्ये बेटची रक्कम बांधलेली असते. समजा फ्लॉपपर्यंत ती १०० चिप्स आणि टर्नपासून २०० चिप्स आहे. ८०० चिप्सच्या पॉटवर, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेवर, फ्लॉपला १०० पेक्षा जास्त लावायची परवानगीच नाही. मग तुमच्या हाती उरते ती वेळ: आत्ता लावायचे, की दुसऱ्याने लावल्यावर वाढवायचे. आणि ८०० च्या पॉटवर हा फरक प्रचंड ठरतो.

एक डाव घेऊ. चार भिडू, फ्लॉपआधी प्रत्येकाचे २०० गेलेले, पॉट ८००. तुमच्याकडे राजा आणि १०, फ्लॉपवर वेगवेगळ्या चिन्हांचे राजा, ८ आणि ३. राजांची जोडी बहुधा सगळ्यांत वरचढ आहे, पण अभेद्य नाही. बोलण्याची पहिली पाळी तुमची. मधल्या दोघांपैकी एकाकडे एक्का आणि ८ आहे असे धरा. त्याला वाचवणारी पाने पाच: तीन एक्के आणि दोन अठ्ठ्या. त्याच्या दृष्टीने न दिसलेली पाने ४७, म्हणजे पुढच्या पानावर त्याचा डाव न सुधारण्याचे आणि सुधारण्याचे प्रमाण ४२ विरुद्ध ५, साधारण ८.४ ला १. तुम्ही सरळ १०० लावलेत तर त्याला ९०० च्या पॉटसाठी १०० द्यायचे आहेत, ९ ला १. त्याने पैसे भरणे गणिताने बरोबर ठरते. तुमच्या बेटने त्याचे काही बिघडत नाही. आता फ्लॉपआधी रेज केलेला भिडू सर्वांत शेवटी बोलणार आहे असे समजा. तुम्ही चेक, मधले दोघे चेक, शेवटचा १०० लावतो, तुम्ही २०० करता. पॉट ११०० झाला आणि एक्का-अठ्ठीवाल्याला एकदम २०० भरायचे आहेत, म्हणजे ५.५ ला १. शिवाय शेवटचा भिडू पुन्हा वाढवेल ही टांगती तलवार आहेच. पुढच्या फेऱ्यांत मिळू शकणाऱ्या पैशांची आशा धरूनही त्याला पाने टाकणे भाग पडते. पान तेच, पॉट तोच. फक्त तुम्ही थांबल्यामुळे त्याच्या पुढच्या पानाचा भाव चढला.

यातली गंमत अशी की बेट लावणारा बसला कुठे आहे यावर सगळे उलटू शकते. तोच आक्रमक भिडू शेवटी बसण्याऐवजी तुमच्या लगेच डाव्या हाताला असला, तर तुमच्या चेकनंतर तो १०० लावतो, मधले दोघे प्रत्येकी १०० भरून आत येतात, आणि मग तुम्ही वाढवता. पॉट १३००. त्याने आणखी १०० भरले की १४००. आता मधल्याला १४०० साठी फक्त १०० द्यायचे, १४ ला १. या भावात तर फक्त चार पाने उपयोगी पडणारा भिडूही आनंदाने राहील. त्याची शक्यता असते १०.७५ ला १. म्हणजे एका जागेवरून चेक-रेज गर्दी हटवते आणि दुसऱ्या जागेवरून गर्दी साठवून तिच्याकडून जादा पैसे वसूल करते. राजाच्या नाजूक जोडीला पहिली मांडणी हवी. कोणी मात करू शकणार नाही असा हात असेल तर दुसरी. ‘माझी पाने चेक-रेजच्या लायकीची आहेत का’ हा प्रश्न त्यामुळे अर्धवट ठरतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: मागून कोणी बेट लावलीच नाही तर? मग सगळ्यांना पुढचे पान फुकट मिळते. पाच पानांवर अवलंबून असलेल्या भिडूला ते फुकट दिले म्हणजे ८०० च्या पॉटमधला १०.६ टक्के, सुमारे ८५ चिप्सचा वाटा त्याच्याकडे राहू दिला. बेट लावली असती आणि तो गेला असता तर हे ८५ वाचले असते. असे दोन भिडू असले तर नुकसान जवळजवळ दुप्पट. म्हणूनच डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या गाजलेल्या पुस्तकाचा सल्ला असा की मागून बेट येईल याची बऱ्यापैकी खात्री असेल तरच चेक-रेज करावी. फ्लॉपपुरता सल्ला रास्त आहे. सगळ्याच टप्प्यांना तो सारखा लावणे मात्र मला पटत नाही. रिव्हरला पुढचे पानच नसते, त्यामुळे फुकट पानाचा खर्च शून्य. तिथे दोघेच उरले आहेत, तुमचा हात नक्की जिंकणारा आहे आणि बेट २०० ची आहे असे धरा. सरळ बेट लावली तर तो दहापैकी आठ वेळा भरेल. सरासरी कमाई १६०. चेक केले आणि त्याने बेट लावली, तर त्याचे २०० आलेच. शिवाय तुमच्या रेजला तो चारपैकी तीन वेळा भरणार असेल तर सरासरी ३५०. १६० ला ३५० ने भागले की उत्तर येते सुमारे ४६ टक्के. खात्री सोडाच, त्याने निम्म्याहून थोड्या कमी वेळा बेट लावली तरी थांबणे फायद्याचे. तो रेजला दहापैकी एकदाच भरणारा असेल तर हाच उंबरठा ७३ टक्क्यांवर चढतो. थोडक्यात, हट्टी भिडूसमोर थांबा, भित्र्यासमोर लावा. हात नक्की जिंकणारा नसेल तर मात्र हे आकडे फार गोड आहेत, कारण मग वरचढ हातवाला उलट तुमच्याकडून दोन-तीन बेट काढून घेतो.

दुसरा आक्षेप नैतिक वाटतो, पण त्याचे उत्तर गणितातच आहे. चेक म्हणजे ‘माझ्याकडे काही नाही’ असेच प्रत्येकाने प्रामाणिकपणे म्हणावे, असा संकेत केला तर? मग आधी बोलणाऱ्याचे चेक ऐकून मागच्याने काहीही हातात नसताना बेट लावावी आणि पॉट उचलावा. जोरदार हातांनी अधूनमधून चेक केले तरच दुबळ्या हातांच्या चेकला काही पत राहते. गणितज्ञ हॅरोल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेल्या छोट्याशा पोकरमध्ये हे स्वच्छ दिसते. कॅटमध्ये फक्त तीन पाने, राजा, राणी, गुलाम. दोन भिडू, प्रत्येकी एक चिप पॉटमध्ये, आणि एकच एका चिपची बेट. दोघेही अचूक खेळले तर पहिला भिडू डावामागे सरासरी १/१८ चिप हरतो. नवल असे की हाती राजा असताना त्याने नेहमी बेट लावली, कधीच लावली नाही किंवा मधले कोणतेही प्रमाण ठेवले, तरी हा तोटा तेवढाच राहतो. अट एवढीच की गुलामावरची थाप राजावरच्या बेटच्या एक तृतीयांश प्रमाणात हवी आणि राणी घेऊन समोरची बेट भरण्याचे प्रमाणही त्याला जुळते हवे. या खेळात रेज नाहीच. तरीही सर्वोत्तम पान घेऊन गप्प राहण्याने काही गमावले जात नाही. रेजची मुभा दिली की त्या गप्प राहण्याला दातही येतात.

खऱ्या बावन्न पानांच्या खेळासाठी असा हिशेब हाताने होणे अशक्य. दोघांच्या लिमिट होल्डेममध्ये निर्णयाच्या जागा ३००००००००००००००, म्हणजे तीनावर चौदा शून्ये, यांहून जास्त आहेत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे मायकेल बोलिंग, नील बर्च, मायकेल जोहान्सन आणि फिनलंडचे प्रोग्रॅमर ऑस्करी तामेलिन यांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा खेळ व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले. त्यांचा ‘सेफियस’ हा प्रोग्रॅम सुमारे ४८०० संगणक-कोअरवर ६८ दिवस स्वतःशीच खेळला. प्रत्येक जागी, न केलेल्या चालीने किती जास्त मिळाले असते याची नोंद ठेवत त्याने आपली प्रमाणे सुधारली. कोणी रोज १२ तास, तासाला २०० डाव, अशी ७० वर्षे त्याच्याशी खेळला तरी तो परिपूर्ण नाही हे खात्रीने सिद्ध करता येणार नाही, इतका तो अचूक आहे. त्याच्या उत्तरात चाली शक्यतांच्या रूपात असतात. एकाच जागी, त्याच पानांवर कधी चेक, कधी बेट. फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या डीलरचा फायदाही त्यातून मोजला गेला: हजार डावांमागे साधारण ८८ ते ९० बिग ब्लाइंड (पाने पाहण्याआधी एका भिडूने सक्तीने लावायची रक्कम). आधी बोलावे लागण्याची ही किंमत चेक-रेजसकट आहे. ती चाल काढून घेतली तर आधी बोलणाऱ्याकडे मागच्याला दबकवायला दुसरे काय उरते?

तिसरा आक्षेप इथूनच निघतो: उत्तर संगणकाकडे असताना हा खटाटोप कशाला? कारण सेफियसची हमी फक्त दोघांच्या खेळापुरती आहे. तीन किंवा जास्त भिडू आले की सेफियससारखी समतोलाची चाल खेळूनही तोटा होणार नाही अशी हमी गणित देत नाही. दोघांच्या चुकीची झळ तिसऱ्याला बसू शकते. आणि वर पाहिलेली भाव चढवण्याची करामत तर मधले भिडू असल्यामुळेच शक्य झाली होती. तिथे शेवटच्या भिडूने बेट लावण्याची शक्यता त्याच्या वागण्यावरूनच काढावी लागते: फ्लॉपआधी रेज केलेला माणूस फ्लॉपला सवयीने लावतो, म्हणून ती शक्यता तिथे चढी असते. टर्नला बेट दुप्पट, त्यामुळे यशस्वी चेक-रेजची कमाईही दुप्पट. पण फ्लॉपला तीन जणांनी पैसे भरलेले पाहून तोच माणूस टर्नला हात आखडतो. शक्यता घटते आणि पॉट मोठा झाल्याने फुकट पान महागते, नेमके एकाच वेळी.