पुरुष-वंध्यत्व आणि वनौषधी

अपत्य नसलेल्या दाम्पत्यात दोष बहुधा पत्नीकडेच पाहिला जातो. वस्तुतः अशा जवळजवळ निम्म्या दाम्पत्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा पत्नीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. पुरुष मात्र तपासणी टाळून अत्ताराकडून ‘ताकदीची’ माजून आणतो. येथेच गल्लत होते. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढणे आणि अपत्यक्षमता वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचे संदेश वृषणापर्यंत पोहोचावे लागतात. टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिले की ही ग्रंथी आपले संदेश थांबवते आणि शुक्रजंतू घटतात. जागतिक आरोग्य संघटनेने याच कारणास्तव टेस्टोस्टेरॉनची साप्ताहिक इंजेक्शने गर्भनिरोधक म्हणून तपासली. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायामशाळेतील तरुणांना ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

वनौषधींचे काय? अश्वगंधा, म्हणजे युनानीतील असगंध, हिच्या मुळांच्या अर्काचा ४६ अल्पशुक्र पुरुषांवरील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ६७५ मिलिग्रॅम अर्क ९० दिवस घेणाऱ्यांत शुक्रजंतूंची सरासरी प्रति मिलिलिटर सुमारे ९६ लाखांवरून २ कोटी ५६ लाखांवर गेली. टेस्टोस्टेरॉन मात्र केवळ १७ टक्क्यांनी वाढले. निष्कर्ष आशादायक आहे, परंतु अर्क घेणारे अवघे २१ जण होते. खाजकुहिलीच्या (कौंच) बियांत एल-डोपा असते. ते प्रोलॅक्टिन कमी करते, म्हणून तिच्या उपयोगाला काही शास्त्रीय आधार दिसतो. गोखरूची प्रसिद्धी मोठी, आधार तोकडा: २१ निरोगी तरुणांवरील २००५ च्या अभ्यासात चार आठवड्यांनंतरही टेस्टोस्टेरॉन वाढले नाही.

‘वनस्पतिजन्य’ म्हणजे निर्धोक, असेही नव्हे. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. अशा काही पुड्यांत सिल्डेनाफिल हे आधुनिक औषध छुपेपणाने मिसळलेले सापडले आहे. नायट्रेट घेणाऱ्या हृदयरोग्याला ते प्राणघातक ठरू शकते. कामशक्ती वाढविणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई असूनही भिंती रंगलेल्या असतातच!

शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे दहा दिवसांत गुण देण्याची हमी शरीरशास्त्रात बसत नाही. वीर्यतपासणी स्वस्त व वेदनारहित आहे. वृषणाच्या फुगलेल्या शिरा किंवा बंद झालेली शुक्रवाहिनी हे दोष माजूनने जात नाहीत. आणि पुड्यांत गेलेली वर्षे पत्नीच्या वयातून वजा होतात.