सेंट्रल पार्कमधील एक दिवस

अमेरिकेच्या प्रवासांत न्यूयॉर्कला आमचा मुक्काम भाच्याकडे होता. एका रविवारीं भाचेसुनेनें दशम्या व चटणी बांधून दिली आणि आम्ही उभयतां सकाळींच सेंट्रल पार्क पाहण्यास निघालों.

अडीच मैल लांब व अर्धा मैल रुंद असें हें ८४३ एकरांचें उद्यान. त्यांतील खडक, तळीं व झाडी पाहून, एखादें जुनें रान शहराच्या तावडींतून कसेंबसें वांचलें असावें असें वाटतें. खरा प्रकार उलट आहे. ऑल्मस्टेड व व्हॉक्स या दोघांचा आराखडा १८५८ सालीं पसंत झाला आणि त्याबरहुकूम तळीं खणलीं, सुरुंगांनीं खडक फोडले, बाहेरून माती आणून झाडें लावलीं. आडव्या रहदारीचे चार रस्ते तर इतके खोलगट नेले आहेत कीं, हिरवळीवर दशम्या खातांना मोटारींची आम्हांस आठवणही राहिली नाहीं.

दुपारीं पश्चिमेच्या अंगास फिरतांना एका फलकापाशीं पाय थबकले. येथें पूर्वीं 'सेनेका व्हिलेज' नांवाची वस्ती होती. १८२५ सालीं अँड्र्यू विल्यम्स या बुटांना पॉलिश करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णी तरुणानें १२५ डॉलरांस येथें जमिनीचे तीन तुकडे घेतले. न्यूयॉर्क राज्यांतून गुलामगिरी पुरती उठली ती त्यानंतर, १८२७ सालीं! शिवाय कृष्णवर्णी पुरुषास मत देण्यासाठीं २५० डॉलरांची स्थावर मालमत्ता असावी लागे. म्हणून जमीन म्हणजे नुसता निवारा नव्हता. वस्ती वाढली, सुमारें सव्वादोनशें माणसें, तीन चर्चें, एक शाळा. १८५७ पर्यंत उद्यानासाठीं ती सारी उठविण्यांत आली. विल्यम्सनें ३,५०० डॉलर मागितले, हातीं २,३३५ आले. रक्कम हलकी नव्हे. पण शेजार व मताचा हक्क यांची किंमत कोणत्या हिशेबांत धरली असेल?

२०११ च्या उत्खननांत येथें एक लोखंडी किटली आणि लहान मुलाच्या बुटाचा तळ सांपडला.

"निघायच्या घाईंत किटली राहून गेली असेल हो," सौभाग्यवती हळूच म्हणाल्या.

मागें हिरवळीवर मुलें चेंडू खेळत होतीं. उरलेल्या दशम्या सोडावयास मात्र आम्ही तेथें बसलों नाहीं. बरेंच पुढें जाऊन एका बांकावर टेकलों.